आलेल्या माणसांचं कोल्हापूर

थोडं निवांत बसा. हे मनन एका दमात वाचून संपवायचं नाही. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबा, खिडकीबाहेर बघा, मग पुढं या. विषय आपल्या ओळखीचा आहे, कोल्हापूर. पण आज अंबाबाईच्या देवळातून निघायचं नाही, रंकाळ्यावरून नाही, कुठल्या तालमीच्या दारातूनही नाही. आज मन शहराच्या पूर्वेकडं न्यायचं, जिकडून माणसं या गावात येत राहिली त्या बाजूला.

आधी उजळाईवाडीचा माळ डोळ्यांसमोर आणा. सपाट लांबलचक जमीन, वाळलेलं गवत आणि अडवायला काहीच नसल्यामुळं मोकळा सुटलेला वारा. शाहू महाराजांचे चिरंजीव छत्रपती राजाराम महाराज यांनी इथं विमान उतरण्याची सोय केली ती 1939 मध्ये. आज विमानतळ त्यांच्याच नावानं ओळखला जातो, आणि 10 मार्च 2024 ला तिथल्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. धावपट्टी वाढवायची म्हटल्यावर गडमुडशिंगीच्या शेतकऱ्यांच्या जमिनीचा प्रश्न आला, तोही या माळाच्या इतिहासाचाच भाग आहे. पुढं कधी या विमानतळाचा इतिहास कुणी मांडला, तर पहिल्या विमानाच्या फोटोशेजारी एक सातबाराही ठेवला पाहिजे.

पण आत्ता जमिनीचा विचार बाजूला ठेवा आणि फक्त त्या मोकळ्या पट्टीकडं बघा. विमानतळ बांधणारा माणूस एक गोष्ट मनाशी कबूल करत असतो. ज्यांना आपण ओळखत नाही, ज्यांची भाषा आपल्याला येत नाही, अशी माणसं इथं उतरणार आहेत. आपल्या गावाला बाहेरच्या जगाकडं उघडणारं एक दार असावं, एवढंच त्याला हवं असतं. त्या दारातून कोण येईल हे त्याच्या हातात नसतं.

1939 या सालापाशी जरा रेंगाळा. कोल्हापूरच्या माळावर विमानासाठी जागा तयार होते आणि त्याच वर्षी, 1 सप्टेंबरला, जर्मनीचं सैन्य पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसतं. सतरा तारखेला पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य येतं. महिनाभरात एक देश नकाशावरून पुसला जातो. त्या दिवसांत कोल्हापुरात वर्तमानपत्र वाचणाऱ्या कुणालाही वाटलं नसेल, की या बातमीतली माणसं चार वर्षांनी आपल्या शेजारी राहायला येणार आहेत.

आता सावकाश, त्यांच्यातल्या एका घरात चला. 10 फेब्रुवारी 1940 ची रात्र. पूर्व पोलंडमधलं एक लाकडी घर, बाहेर बर्फ, आत झोपलेली मुलं. दार वाजतं. बंदुका घेतलेले सोव्हिएत शिपाई आत येतात आणि सांगतात, सामान बांधा, निघायचंय. कुठं, ते सांगत नाहीत. गुन्हा विचाराल तर तोही नाही. 1920 च्या लढाईनंतर ज्यांना जमिनी मिळाल्या होत्या अशा माजी सैनिकांची कुटुंबं, जंगलखात्यातल्या लोकांची कुटुंबं, असे गट करून याद्या बनल्या होत्या. पुढं एप्रिलमध्ये, जूनमध्ये आणि पुढच्या वर्षीच्या जूनमध्येही अशाच रात्री आल्या.

इथं थांबा. स्वतःला विचारा, अर्ध्या तासात तुम्ही काय उचललं असतं? घाईघाईत उत्तर देऊ नका. दागिने आधी आठवतील, पण चाळीस अंश खालच्या थंडीत दागिन्यांपेक्षा गादी आणि रजई मोलाची. ज्यांना हे सुचलं त्यांनी अंथरूण घेतलं, पीठ घेतलं, कुणी शिवणयंत्र उचललं. कुणी देवाची तसबीर घेतली. ज्यांना काहीच सुचलं नाही, ते मुलांना कपडे घालण्यातच गुंतून राहिले. गुरांच्या डब्यांतून आठवडेच्या आठवडे प्रवास झाला आणि सैबेरियातल्या, कझाकस्तानातल्या वस्त्यांवर त्यांना उतरवलं गेलं. लाकूडतोड, उपासमार, टायफस. पुष्कळ मुलं तिथंच गेली.

जून 1941 मध्ये हिटलरनं रशियावर हल्ला केला आणि राजकारण फिरलं. त्या जुलैच्या शेवटी पोलंडचं लंडनमधलं सरकार आणि सोव्हिएत सरकार यांच्यात करार झाला, कैद्यांना सोडायचं ठरलं. जनरल अँडर्स पोलिश सैन्य उभारू लागले. सैन्याच्या मागोमाग बायका, मुलं, म्हातारी माणसं मिळेल त्या गाडीनं दक्षिणेकडं सरकत राहिली. 1942 मध्ये कास्पियन समुद्र ओलांडून लाखाहून अधिक जण इराणच्या किनाऱ्यावर उतरले. त्यांत हजारो मुलं होती, आणि कित्येक मुलांबरोबर घरचं कुणीच नव्हतं.

या मुलांना ठेवायचं कुठं, हा प्रश्न हिंदुस्थानपर्यंत आला. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीत मुलांसाठी वस्ती उभी केली. ती हकिगत आता बरीच माहीत झाली आहे, आणि व्हायलाच हवी. मात्र हिंदुस्थानातली पोलिश निर्वासितांची सर्वांत मोठी वस्ती बालाचडीची नव्हती. ती आपल्या वळिवड्याची होती. जून 1943 पासून तिथं माणसं येऊ लागली आणि हळूहळू सुमारे पाच हजारांचं एक पोलिश गाव पंचगंगेच्या खोऱ्यात उभं राहिलं.

मिरजेकडून येणारी कोल्हापूरची रेल्वे मनात आणा. रुकडी गेली, आता वळिवडे. डब्यातून एक बाई उतरते आहे. तिच्या हाताला एक मूल आहे, दुसरं कडेवर. तिसऱ्याबद्दल तिला विचारू नका. तीन वर्षांत तिनं बर्फ पाहिला, वाळवंट पाहिलं, समुद्र पाहिला. आता तिच्यासमोर ऊस आहे, बाभळी आहेत, जूनच्या पहिल्या पावसाचा मातीचा वास आहे, आणि गाडीकडं टक लावून बघणारी डोक्यावर पटका बांधलेली माणसं आहेत. तिच्या डोळ्यांनी आपलं गाव एकदा बघा. रोजचा रस्ता, रोजची झाडं तिच्या नजरेनं कशी दिसतात ते बघा. आपल्याच गावात नवखं होऊन उभं राहण्याची संधी इतिहास अशी क्वचितच देतो.

छावणी म्हटल्यावर काटेरी कुंपण डोळ्यांसमोर येतं. वळिवड्याचं चित्र वेगळं होतं. बराकींच्या लांब रांगा होत्या, पण आत प्रत्येक कुटुंबाला स्वतःची खोली होती, पुढं छोटीशी जागा होती, तिथं बायकांनी फुलझाडं लावली. प्राथमिक शाळेपासून माध्यमिकपर्यंत सगळं शिक्षण पोलिश भाषेत होतं. दवाखाना होता, चर्च होतं, नाटकं होत होती, बालवीरांची पथकं होती, सहकारी दुकानं होती. छावणीप्रमुख कॅप्टन यागिएवोविच हे पोलिश. खर्चाचा भार लंडनमधल्या पोलिश सरकारनं उचलला होता, व्यवस्था हिंदुस्थान सरकारच्या देखरेखीखाली होती, जमीन कोल्हापूर संस्थानची. वस्तीत बायका आणि मुलंच जास्त, कारण हत्यार चालवू शकणारे पुरुष युद्धावर गेले होते.

इथं एका अवघड गोष्टीवर मन टिकवून बघा. आपण आता अभिमानानं म्हणतो, कोल्हापूरनं पोलंडच्या लेकरांना आसरा दिला. ते खरं आहे. पण त्याच काळातलं कोल्हापूर आठवा. राजाराम महाराज नोव्हेंबर 1940 मध्ये गेले. गादीवर दत्तक आलेले बाल शिवाजी महाराज होते, राणीसाहेब ताराबाई कारभार पाहत होत्या, आणि 1946 मध्ये ते मूलही गेलं. बाहेर 'चले जाव'ची चळवळ पेटली होती. 13 डिसेंबर 1942 ला गारगोटीच्या कचेरीवर क्रांतिकारकांनी हल्ला केला आणि सात जण हुतात्मा झाले. म्हणजे गारगोटीत आपली पोरं गोळ्या खात होती आणि सहा महिन्यांनी वळिवड्यात त्याच साम्राज्याच्या व्यवस्थेतून परक्या पोरांसाठी शाळा उघडत होत्या. या दोन गोष्टी एकमेकींना खोडत नाहीत. दोन्ही एकाच वेळी खऱ्या होत्या, आणि दोन्ही एकत्र मनात धरता आल्या पाहिजेत. मला वाटतं, स्थानिक इतिहासाचा खरा व्यायाम हाच आहे. मोठ्या पुस्तकांत या घटना वेगवेगळ्या प्रकरणांत जातात. गावात मात्र त्या एकाच रस्त्यावर, एकाच बाजारात भेटतात.

आसऱ्याचं श्रेयही नीट वाटून द्यावं लागेल. वळिवड्याच्या शेतकऱ्याला कुणी विचारून छावणी उभारली नव्हती. त्याला जे देता आलं ते शेजार. दूध, भाजी, अंडी घेऊन तो बराकींच्या रांगांपर्यंत गेला असेल. बोटांवर पैसे मोजून दाखवले असतील. ज्या बायकांनी सैबेरियात भाकरीच्या तुकड्यासाठी रांगा लावल्या, त्यांना दाराशी येऊन भाव सांगणारा आणि घासाघीस करू देणारा माणूस किती दिवसांनी भेटला असेल! घासाघीस करण्यासाठी दोघं बरोबरीचे असावे लागतात. त्या क्षणापुरती ती निर्वासित नव्हती, गिऱ्हाईक होती.

आता एप्रिल 1945 कडं या. इटलीत सेनिओ नावाची नदी आहे, तिच्या दोन्ही काठांना उंच बांध. 9 एप्रिलला ब्रिटिश आठव्या सैन्यानं ती ओलांडायला सुरुवात केली. त्या लढाईत 5 व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अहमदनगर जिल्ह्यातले शिपाई नामदेव जाधव यांनी गोळ्यांच्या माऱ्यात जखमी साथीदारांना एकेक करून मागं आणलं आणि मग एकट्यानं पुढं जाऊन शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच हल्ल्यात, त्याच नदीवर, थोड्या अंतरावर पोलिश कोअरचे सैनिक लढत होते. अँडर्स यांचंच हे सैन्य. त्यांतल्या किती जणांची बायका-मुलं त्या संध्याकाळी वळिवड्यात दिवे लावत होती! मराठी शिपायाचं घर इकडं आणि पोलिश शिपायाचंही घर, त्या घडीला, इकडंच. नदी मात्र तिसऱ्याच देशातली.

पुढच्या महिन्यात युरोपातलं युद्ध संपलं आणि ती माणसं जिंकलेल्या बाजूची असून बेघर ठरली. याल्टाच्या वाटाघाटींत पूर्व पोलंड सोव्हिएत संघाकडं गेलं होतं. ज्या दारावर थाप पडली होती ते दारच आता दुसऱ्या देशात. जुलै 1945 मध्ये ब्रिटननं लंडनमधल्या पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली. वळिवड्यातल्या मुलांच्या भूगोलाच्या तासाला फळ्यावर कोणता नकाशा काढायचा, याचं उत्तर शिक्षिकेकडं काय असेल? थोडा वेळ त्या वर्गात बसा. उत्तर शोधू नका.

मग निघणं सुरू झालं. थोडे पोलंडला परतले, पुष्कळ जण ब्रिटनला, काही आफ्रिकेतल्या छावण्यांकडं, पुढं ऑस्ट्रेलिया, कॅनडा. काही मोजक्या तरुणी इथल्याच माणसांशी लग्न करून इथं राहिल्या. काही जण कोल्हापुरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत कायमचे राहिले. 1948 च्या सुरुवातीला छावणी बंद झाली. त्याच वेळी गांधीजींच्या हत्येनंतर कोल्हापुरात जाळपोळ झाली, भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओही त्यात जळाला. एका उद्ध्वस्त देशाची माणसं इथून जाताना आपल्याकडं स्वतःच्याच शेजाऱ्यांची घरं पेटत होती. वळिवड्याच्या आसऱ्याची गोष्ट सांगताना हे पानही उलटून टाकू नये.

रिकाम्या बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनं उठवलेली सिंधी कुटुंबं तिथं आली. त्यांनीही एका रात्रीत काय उचलायचं याचा हिशेब केला होता. वस्तीचं नाव गांधीनगर झालं. आज कोल्हापूर, सांगली, कोकण आणि बेळगाव भागातली माणसं लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरला जातात. तुमच्याही घरातलं एखादं लग्नाचं लुगडं, एखादा शालू तिथूनच आला असेल. दुकानात गादीवर बसून चहा पिताना ही जमीन आधी कुणाची होती हा विचार मनात येत नाही. का यावा? नवऱ्या मुलीच्या साडीचा रंग ठरायचा असतो. मी फक्त एवढंच म्हणतो, पुढच्या वेळी त्या बाजारात उभे असाल तेव्हा क्षणभर पायांखालच्या जागेची आठवण ठेवा. दोन देशांतून उखडलेली माणसं एकामागून एक इथं रुजली किंवा रुजता रुजता पुढं गेली.

महाराष्ट्रात असं हे एकच ठिकाण नाही. कल्याणजवळच्या युद्धकाळातल्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि 1949 मध्ये तिचं उल्हासनगर झालं. त्याच परिसरात नेवाळीला ब्रिटिशांनी युद्धासाठी विमानतळ केला. युद्ध संपलं, विमानं गेली, पण शेतकऱ्यांना जमीन परत मिळाली नाही, आणि 2017 मध्ये त्यावरून आंदोलन पेटलं. लष्करी धावपट्टी म्हणजे फक्त शौर्याची आठवण नसते. तिच्याखाली कुणाची तरी भातशेती दबलेली असते.

आता मन शहरात आणा. भाऊसिंगजी रोडवरची टाउन हॉलची बाग. उंच झाडांच्या मागं ती काळ्या दगडाची, टोकदार कमानींची इमारत. 1872 ते 1876 या काळात कॅप्टन चार्ल्स मँट यांच्या आराखड्यानुसार ती बांधली गेली. आत जा. शस्त्रं आहेत, मूर्ती आहेत, चित्रं आहेत. त्या सगळ्यांना आज नमस्कार करून पुढं जा आणि एका लहानशा मूर्तीसमोर उभे राहा. तळहातात मावेल एवढी कांस्याची आकृती. दाढी, उघडं पिळदार शरीर, एक हात वर उचललेला. हा पोसायडन, भूमध्य समुद्राकडच्या लोकांचा समुद्रदेव. सह्याद्रीच्या अलीकडं, पंचगंगेच्या काठी, ब्रह्मपुरीच्या टेकाडाखाली तो सापडला.

सापडला कधी? 1940 च्या दशकाच्या मध्यावर. राजाराम कॉलेजचे प्राध्यापक कुंदणगार यांनी ब्रह्मपुरीला खणायला सुरुवात केली, पाठोपाठ 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजचे सांकलिया आणि दीक्षित यांनी शास्त्रशुद्ध उत्खनन केलं. त्या वस्तूंसाठी 1946 मध्ये संग्रहालय सुरू झालं आणि नंतर ते टाउन हॉलमध्ये आलं. म्हणजे बघा, दोन हजार वर्षांपूर्वी रोमन जगातून व्यापाऱ्यांच्या गाठोड्यात बसून आलेला हा पाहुणा मातीतून वर आला, त्याच वर्षांत शहराच्या दुसऱ्या टोकाला युरोपातून आलेली पाच हजार माणसं राहत होती. एकाला आपण काचेच्या कपाटात जपून ठेवलं. दुसऱ्यांच्या भांड्याकुंड्यांचं, वह्यांचं, पाट्यांचं काय झालं?

हा प्रश्न मनात राहू द्या, त्याला लगेच पुढं ढकलू नका. सातवाहनकाळातलं मातीचं भांडं फुटकं मिळालं तरी आपण त्याची नोंद करतो, क्रमांक घालतो, चित्र काढतो. 1945 मधली छावणीतली पाटी मात्र कुणी तरी जळणात टाकली असेल, आणि त्यात त्याची चूकही नाही. जे आपल्या डोळ्यांदेखत घडतं ते इतिहास आहे असं वाटतच नाही. राजवाड्यातल्या वस्तू जपल्या जातात कारण राजवाडा स्वतःला इतिहास समजतो. बराक स्वतःला तसं समजत नाही. म्हणून बराकीच्या वतीनं दुसऱ्या कुणाला तरी बोलावं लागतं.

टाउन हॉलच्या मँट यांचंच आणखी एक काम दूर आहे, आणि त्याच्याकडं वळल्याशिवाय हे मनन पुरं होणार नाही. छत्रपती राजाराम महाराज, म्हणजे विमानतळवाल्यांच्याही आधीच्या पिढीतले त्याच नावाचे राजे, 1870 मध्ये युरोपच्या प्रवासाला गेले. परतीच्या वाटेवर इटलीतल्या फ्लोरेन्स शहरात 30 नोव्हेंबरला त्यांचं निधन झालं. वय जेमतेम विशीचं. फ्लोरेन्सच्या अधिकाऱ्यांपुढं पेच पडला, कारण अंत्यविधी आपल्या रीतीनं करायचा होता आणि त्या शहरात दहन ठाऊक नव्हतं. अखेर परवानगी मिळाली. आर्नो नदीत मुन्योने नदी मिळते त्या संगमावर रात्री चिता रचली गेली. काही वर्षांनी तिथं छत्री उभी राहिली, खाली त्यांचा रंगीत अर्धपुतळा. छत्रीचा आराखडा मँट यांचा. पुढं एका शतकानंतर जवळच नदीवर मोठा पूल झाला, तर त्यालाही फ्लोरेन्सकरांनी 'हिंदी माणसाचा पूल' असंच नाव दिलं.

संगमावर उभे राहा, मनानं. त्या शहराचं आपल्या राजाशी नातं काय होतं? तो तिथं काही दिवस राहिला आणि वारला, बस एवढंच. तरी त्यांनी जागा दिली, दगड जपला, नाव पुलाला लावलं. वाटेत मेलेल्या परक्याला आपल्या नकाशात कायमची जागा देणं, यापेक्षा मोठा पाहुणचार मला माहीत नाही. फ्लोरेन्सनं कोल्हापूरसाठी जे केलं, ते कोल्हापूरनं वळिवड्यासाठी करायचं आहे.

काहीच झालं नाही असं मात्र नाही. महावीर उद्यानात 1998 मध्ये पोलिश लोकांनी उभारलेला स्मृतिस्तंभ आहे. सप्टेंबर 2019 मध्ये वळिवड्यात स्मारकाचं अनावरण झालं, छावणीत लहानपण घालवलेली म्हातारी माणसं त्यासाठी जगाच्या कुठल्या कुठल्या कोपऱ्यांतून आली. तिथं संग्रहालय व्हावं अशी चर्चा तेव्हापासून आहे. आणि वॉर्सॉमध्ये कोल्हापूरच्या नावानं स्मारक आहे. 21 ऑगस्ट 2024 ला भारताच्या पंतप्रधानांनी तिथं पुष्पचक्र वाहिलं. छावणीतल्या मुलांनी मोठेपणी लंडनमध्ये संघटना काढली, आठवणी गोळा केल्या, जाडजूड ग्रंथ छापला. पोलंडच्या राजधानीत आपलं नाव दगडावर कोरलेलं आहे. आपल्याकडं मात्र गांधीनगरात उतरणाऱ्या माणसाला ती जागा दाखवणारी खूण सहज सापडत नाही.

संग्रहालय म्हटलं की आपल्याला मोठी इमारत, मोठा निधी, मोठा फीत कापण्याचा कार्यक्रम दिसतो. ते सगळं बाजूला ठेवून इंग्लंडमधलं एक खेडं बघा. लिंकनशर परगण्यात इंगम नावाचं गाव आहे. युद्धात तिथं गवताळ धावपट्टीचा हवाई तळ होता आणि 300 व 305 क्रमांकाची पोलिश बॉम्बर पथकं तिथून उडत. रात्री गेलेली कित्येक विमानं परत आली नाहीत. युद्धानंतर तळ बंद झाला, शेतं पुन्हा नांगरली गेली. मग बऱ्याच वर्षांनी स्थानिक स्वयंसेवकांनी तळावरची एक पडकी इमारत दुरुस्त केली आणि तिथं छोटं संग्रहालय केलं. गणवेश, पत्रं, फोटो, विमानातल्या माणसांची नावं. कुणाचा तरी नातू येतो, यादीत बोट फिरवतो आणि आजोबांच्या नावापाशी थांबतो. इंग्लंडच्या पूर्व भागात अशी गावं बरीच आहेत. ती चालवणारे लोक इतिहासाचे प्राध्यापक नाहीत. निवृत्त शिक्षक, शेतकरी, मेकॅनिक अशी माणसं शनिवार-रविवार दार उघडून बसतात.

आणि एक धागा इथं आपोआप जुळतो. वळिवडे सोडून ब्रिटनला गेलेल्या कुटुंबांना तिथं राहायला काय मिळालं? पुष्कळदा बंद पडलेले लष्करी तळ आणि हवाई तळ. लोखंडी पत्र्याच्या अर्धगोल बराकींत त्यांनी पुन्हा चूल मांडली, पुन्हा शाळा, पुन्हा चर्च. वेल्समध्ये पेनरॉस नावाच्या जुन्या हवाई तळावर पोलिश वस्ती झाली ती पुढं कित्येक दशकं टिकली. युद्धासाठी बांधलेल्या जागेत बेघरांनी घर करावं, हे वळिवड्यात घडलं, कल्याणला घडलं, वेल्समध्येही घडलं. विमानं गेल्यावर जी माणसं त्या जागेत राहायला येतात, त्यांचं जगणंही त्या जागेच्या संग्रहालयात यायला हवं. वळिवड्याच्या संग्रहालयात पोलिश खोलीशेजारी सिंधी खोली असलीच पाहिजे, आणि त्या दोन्हींच्या आधी जमीन कसणाऱ्या गावकऱ्याचीही. एकाच्या आठवणीसाठी दुसऱ्याची पुसली, तर ते संग्रहालय कशाला हवं?

आता डोळे मिटून त्या तीन खोल्यांत एकदा फिरून या. पहिलीत नांगराचा फाळ, सातबारा, पंचगंगेच्या पुराची खूण. दुसरीत शाळेचं प्रमाणपत्र, बालवीराचा पट्टा, भिंतीवर वळिवड्याचा आणि पोलंडचा नकाशा शेजारी शेजारी. तिसरीत सिंधहून आणलेलं कुलूप, ज्याचं दार तिकडंच राहिलं, आणि पहिल्या कापडदुकानाची वही. तुमच्या मनात आणखी काय येतंय ते येऊ द्या. कुठली वस्तू तुम्ही स्वतः नेऊन ठेवाल?

हा प्रश्न खरोखरच विचारतो आहे. वळिवडे, गांधीनगर, उचगाव, रुकडी, मुडशिंगी या गावांत राहत असाल, किंवा तुमचे आजी-आजोबा तिथले असतील, तर माळ्यावरची ट्रंक उघडून बघा. छावणीतल्या बाईनं जाताना दिलेली किटली, एखादा फोटो, एखादी पावती, सिंधहून आलेला कागद, काहीही असेल. त्यावर मालकाचं नाव, गाव आणि ते कुठून आलं एवढं एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. टाउन हॉल संग्रहालयाला किंवा शिवाजी विद्यापीठाच्या इतिहास विभागाला दाखवा. वस्तू द्यायची नसेल तर तिचा फोटो द्या.

वस्तूंपेक्षाही आधी माणसांकडं जा. 1943 मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदी ओलांडलेला आहे. बराकींच्या रांगांत दूध घालायला बापाबरोबर गेलेली, पोलिश पोरांबरोबर खेळलेली माणसं अजून काही घरांत आहेत. फोन घ्या, त्यांच्याजवळ बसा, आवाज ध्वनिमुद्रित करा. त्यांना घाई करू नका, तारखा विचारू नका, जे आठवेल ते बोलू द्या. पण हे काम पुढच्या दिवाळीवर टाकू नका, या महिन्यातच करा.